मागितल्यावाचून न सांगण्याचा हुकूम

॥ श्री ॥ ज्याचे वाहन उंदीर, आणि तरी मोरावर बसोन निघालेल्या भावाआधी जो मुक्कामी पोचला, त्या गणरायास प्रथम दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघ मासी, एके थोर नगरीच्या विमानकोटात जे वर्तमान घडले ते जैसे कानी आले तैसे लिहितो. ते समयी आकाशमार्गाची दौलत दोनचार सरदारांनी आपसांत वाटोन घेतली होती. पैकी एक सरदार बहुत थोर. त्यांचे नाव लिहावयाचे कारण नाही, आणि उतारू रागाचे भरात त्यांस जे म्हणत ते तर लिहिताच येत नाही. त्यांची विमाने शुभ्र, आसने अरुंद, आणि निघण्याची वेळ सांगणे सरदारांकडे व ती पाळणे देवाकडे, ऐशी कामाची वाटणी होती. राज्याचे धनी दयाळू. त्यांनी उतारूंचे कल्याणाकरिता कानू करोन दिला होता की, विमानास उशीर जाहला तर उतारूस अन्नपाणी द्यावे. आणि उशीर फारच वाढला तर उतारू म्हणेल त्याप्रमाणे त्याचे पैसे परत करावे, अथवा दुसरे सरदाराचे विमानात जागा घेवोन आपले खर्चाने त्यास मार्गी लावावे. कानू चांगला होता. तो चौकटीत घालोन भिंतीस लाविलाही होता. मात्र त्या भिंतीपुढे थंड पेयांचे मोठे कपाट आणोन उभे केले होते. आणि सरदारांचे कचेरीतून चौकीचौकीस तोंडी ताकीद आली होती की, जो मागेल त्यास बिनतक्रार द्यावे, जो न मागेल त्यास आपण होऊन काही सांगो नये. या ताकिदीस कागद नव्हता, शिक्का नव्हता, परंतु सगळे कारकून तीस कानूहून अधिक भीत.

या विमानकोटातील सरदारांचे चौकीवर निलांबरीबाई खोपकर म्हणोन एक कारकून होत्या. वय कोवळे, अंगावर निळा कोट, गळ्यात नक्षीदार रुमाल, आणि नोकरी अजून उमेदवारीची, म्हणजे वरिष्ठांचे मनास आले तर आज आहे आणि उद्या नाही. घरी वडील अंथरुणास खिळलेले आणि धाकटा भाऊ शिकत होता, सबब बाई मान खाली घालोन काम करीत. ताकीद त्यांसही होती. त्यांनी ती आजवर पाळिलीही होती. जो उतारू आवाज चढवोन कानू मागे, त्यास कॉफी मिळे, जेवणाचे पाकीट मिळे, आणि वर क्षमायाचना मिळे. आणि जो बापडा निमूट बसे त्यास हसून पाहणे तेवढे मिळे. हे बाईंच्या मनास रुचत नसे. घरी गेल्यावर घास तोंडी जाताना कोणीतरी निमूट बसलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे येई, आणि मग त्या भाऊ बोलला तरी त्याजवर उगाच चिडत. परंतु सकाळ होई आणि बाई पुन्हा निळा कोट चढवीत.

त्या दिवशी सकाळचे विमान निघावयाचे होते. इतक्यात छतास टांगलेल्या कर्ण्यांतून गोड आवाजात पुकारा जाहला की, धुक्याकारणे विमानास किंचित उशीर आहे. उतारूंनी काचेतून पाहिले तो बाहेर लख्ख ऊन. तेव्हा खुलासा जाहला की, धुके येथे नाही, जेथून विमान यावयाचे तेथे आहे. मग एका उतारूने तेथील आपले मेहुण्यास फोन लाविला, तो मेहुणे गच्चीवर ऊन खात बसले होते. मग धुके मागे घेण्यात आले आणि तांत्रिक कारण पुढे करण्यात आले. तांत्रिक कारण म्हणजे काय हे सांगणारासही ठाऊक नसते, म्हणोन त्याजवर कोणास वाद घालता येत नाही. मग तेही मावळले आणि वैमानिकांचे विश्रांतीचे कारण उगवले. आणि अशी कारणे बदलत बदलत विमानाची वेळ फळ्यावर पुढे पुढे सरकत दिवेलागणीस जावोन बसली. उतारू आधी हसले, मग चिडले, मग फोन चार्ज करावयास जागा शोधो लागले, आणि मग आपले लोकांचे रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यास आपापली दुखणी सांगो लागले.

त्या उतारूंत राजश्री सोपानराव धुमाळ म्हणोन एक वृद्ध गृहस्थ होते. डोईस पांढरी टोपी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि विमानात बसणे आयुष्यात पहिलेच. तालुक्याचे गावी एस. टी. स्टँडासमोर त्यांची खानावळ होती आणि दोन पिढ्यांचे मास्तर, कंडक्टर आणि तलाठी तीत जेवोन मोठे जाहले होते. झडतीचे जागी त्यांचे पिशवीतील सुके खोबरे पेट घेणारा जिन्नस म्हणोन काढोन घेतले, तेव्हा ते इतकेच म्हणाले की, "ह्या खोबऱ्यानं आजवर कुनाचं घर जळल्यालं म्या बघितलं न्हाई." मग ते चौकीसमोरचे बाकावर येऊन ताठ बसले आणि फळ्याकडे पाहो लागले. बराच वेळ जाहला, तरी ते उठले नाहीत, पाणी प्याले नाहीत. निलांबरीबाईंचे लक्ष त्यांजकडे वारंवार जाऊ लागले. शेवटी बाईंनी जवळ जावोन विचारिले, "काका, कोणाला फोन करायचाय का?"

सोपानराव म्हणाले, "फोन झालाय पोरी. आमची कारभारीण तिकडं दवाखान्यात हाय. धा-बारा वर्सं झाली, दिसत न्हवतं तिला. परवा अचानक सांगावा आला, कुनीतरी दान केल्यालं डोळं मिळालं म्हणून. पोरगा तिला घिऊन गेला, आपरेशन झालं. आज सांजच्याला डाक्टर पट्टी सोडनार." आणि थोडे थांबोन, लाजल्यासारखे होवोन बोलिले, "ती म्हनती, पैलं तोंड तुमचं बघनार. म्हनून ह्या वयात हे इमान." बाईंनी फळ्याकडे पाहिले. विमान दिवेलागणीस निघणार, मग पोचणार कधी आणि दवाखाना गाठणार कधी? त्या आत गेल्या आणि मागितल्यावाचून देऊ नये ते जेवणाचे पाकीट उचलोन घेवोन आल्या. सोपानरावांनी ते पाहिले आणि खिशास हात घातला. म्हणाले, "किती द्यायचं?" बाई म्हणाल्या, "काही नाही काका, हे असंच." तो सोपानरावांची मुद्रा पालटली. "असंच कसं? म्या जलमभर लोकास्नी जेवू घातलं. फुकटचं कुनाचं खाल्लं न्हाई आन् कुनाम्होरं हात पसरला न्हाई. ते तुमचं तुमालाच ऱ्हाऊ द्या." आणि पाकीट बाकाच्या कडेस ठेवोन ते पुन्हा फळ्याकडे पाहो लागले.

निलांबरीबाई चौकीवर परतल्या आणि यंत्रात पाहिले. तो दुसरे एका सरदाराचे विमान त्याच नगरीस दुपारीच जाणार होते आणि त्यात मोजक्या जागा शिल्लक होत्या. कानूप्रमाणे सोपानरावांनी एका शब्दाने मागितले की त्यांची रवानगी त्या विमानाने सरदारांच्या खर्चाने होणार, आणि पट्टी सुटायच्या आत ते पोचणार. आणि हा गृहस्थ तर मागणे म्हणजे भीक समजतो! तो जन्मात मागणार नाही, आणि आपण होऊन सांगावे तर ताकीद. आणि चौकीचे मागे नायब श्रीरंगपंत उभे. ते निळे टाय लावोन असत आणि चौकीवर कोण काय बोलते याजवर डोळ्यांत तेल घालोन नजर ठेवीत. बाईंस अंथरुणावरचे वडील आठवले, भावाची फी आठवली. आणि मग, हे लिहिताना आम्हांस आनंद होतो, बाई पुन्हा उठल्या आणि सोपानरावांचे शेजारी बाकावर जावोन बसल्या.

त्यांनी विचारिले, "काका, तुमच्या खानावळीत महिन्याचे मेंबर होते ना?" "होतं की. पैसं आगाव द्यायचं, दोन टायमाचं ताट ठरल्यालं." "आणि मेंबर गावाला गेला तर?" "तर खाडा धरायचा. जेवला न्हाई त्याचं पैसं कसं घ्यायचं?" "आणि कधी तुमचीच चूल पेटली नाही तर?" सोपानराव हसले. "एकदा आचारी पळाला. शेगडीबी नादुरुस्त. मंग म्या पलीकडल्या वसंताच्या खानावळीतनं समद्या मेंबरांची ताटं आणली. पदरचं पैसं घालून. वसंता दुष्मन हाय आपला, पर काय करनार." बाई म्हणाल्या, "मेंबरांवर उपकार केलेत मोठे." हे ऐकताच सोपानराव उसळले. "उपकार कसलं ओ? पैसं घेतल्यालं की आगाव! ताटाचा त्यांचा हक्कच हाय." मग निलांबरीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही आमचे मेंबर आहात. पैसे आगाऊ भरलेत. आज आमची चूल पेटलेली नाही. पलीकडच्या खानावळीत ताट आहे, दुपारीच आहे. आणि ते तुम्हाला आमच्याच पदरच्या पैशांनी द्यायला आम्ही बांधलेलो आहोत, असा कायदा आहे. पण तुम्ही मागितलं तरच. न मागेल त्याला सांगायचं नाही, असं आम्हाला बजावलंय."

सोपानरावांनी सभोवार पाहिले. बाकांवर, जमिनीवर, पिशव्यांवर डोकी टेकवोन उतारू पडले होते. एक बाई लेकरास पाणी पाजीत होती. एक नवरदेव असावा, त्याची मेंदी सुकोन गेली होती. सोपानराव म्हणाले, "ह्यास्नी म्हाईत हाय का?" बाई म्हणाल्या, "नाही. पण काका, जागा थोड्या आहेत. आधी तुमची मागा, लगेच मागा." तो सोपानराव उठोन उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि खानावळीत पंगत बसविताना जो आवाज लावीत तोच आवाज लाविला. "ओ मंडळी! उठा! ह्या लोकांची चूल पेटल्याली न्हाई, आन् दुसरीकडं ताट वाढायला ही मान्सं बांधील हाईत! जेवान हाय, दुसरं इमान हाय, न्हाईतर पैसं माघारी हाईत! उपकार न्हाई, आपलंच हाय! पर मागावं लागतंय! या समदी, मागा!" आणि जैसे पंगतीस लोक धावतात तैसे सगळे उतारू चौकीकडे धावले.

बाईंनी पाहिले तो सोपानराव स्वतः रांगेच्या सर्वांत शेवटी जावोन उभे. बाईंनी खुणावले, पुढे या. त्यांनी मान हलविली. बाई चौकी सोडोन त्यांजपाशी धावल्या आणि कळवळोन म्हणाल्या, "काका, काय केलंत हे! तुमची जागा जाईल." सोपानराव म्हणाले, "खानावळवाला कधी पंगतीआधी जेवतो व्हय?" हे मोठ्या ऐटीत बोलिले खरे, परंतु बोलताना त्यांचे डोळे काठोकाठ भरले आणि त्यांनी तोंड फिरविले. बाई परत येवोन एकामागोन एक नावे लिहो लागल्या, आणि एकेक जागा गेली की त्यांस आपलेच काही गेल्यासारखे होई. नवरदेवास जागा मिळाली. लेकुरवाळीस मिळाली. गच्चीवरील मेहुण्याचे मेहुणेही मिळवोन गेले. आणि पाहता पाहता दुसरे सरदाराच्या विमानातील जागा सरल्या, आणि रांग मात्र अजून पेयांचे कपाटापर्यंत उभीच होती, आणि तिचे शेवटास पांढरी टोपी.

आता नायब श्रीरंगपंत लगबगीने आले आणि गोड हसोन म्हणाले, "जागा संपल्या. राहिलेल्यांनी कृपया बसून घ्यावे." तो निलांबरीबाई म्हणाल्या, "सर, राहिलेल्यांनीसुद्धा मागितलंय. ताकीद आहे, मागेल त्याला द्यायचं. तिसऱ्या कंपनीचं तिकीट घ्यावं लागेल, ऐन वेळच्या भावानं. सगळ्यांचं." पंतांचे हसू जागच्या जागी सुकले. त्यांनी हिशेब केला, आणि घाम पुसोन सरदारांचे कचेरीस फोन लाविला. कचेरीत हिशेबनीसांनी तोच हिशेब केला, आणि तेथे कोणीतरी मटकन खाली बसल्याचा आवाज फोनातून ऐकू आला म्हणतात. आणि मग काय नवल वर्तले ते ऐकावे. जे विमान धुक्यात होते, जे तांत्रिक कारणात होते, ज्याचे वैमानिक विश्रांतीत होते, त्याचे जागी एक राखीव विमान कोटाच्या पिछाडीस उभे असल्याचे कचेरीस आठवले. वैमानिकही जागे जाहले. आणि चहा निवावा इतक्या अवकाशात कर्ण्यांतून पुकारा जाहला की, उतारूंनी त्वरा करावी, उशीर होत आहे! ही आज्ञा ऐकोन उतारू इतके हसले की चिडावयाचे विसरले. सोपानराव जाताना चौकीपाशी थांबले आणि म्हणाले, "पोरी, तुजा नंबर दे." मागणे आता त्यांस जमो लागले होते. मग त्यांनी बाकावरचे पाकीट उचलिले, आणि काखोटीस मारोन विमानात जावोन बसले. परंतु रांग, हिशेब आणि फोन यांत दुपार उलटोन ऊन कलले होते, तेव्हा पट्टीची वेळ गाठणे कठीणच, हे बाईंस ठाऊक होते आणि त्यांसही.

विमान गेले आणि श्रीरंगपंतांनी निलांबरीबाईंस आत बोलाविले. म्हणाले, "उतारूंना कोणी सांगितलं?" बाई म्हणाल्या, "मी." पंत म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." बाईंच्या डोळ्यांपुढे घर उभे राहिले. परंतु त्या दिवशी शंभर माणसांस मागताना पाहिले होते, त्याचा गुण असेल, त्या म्हणाल्या, "ठीक आहे सर. मग मला ते लेखी द्या. माझा काय गुन्हा, तेही त्यात लिहा. मी मागतेय." पंतांनी कागद ओढिला, कलम उघडिले आणि लिहो लागले की, सदरहू कारकून यांनी उतारूंस राज्याचा कानू सांगितला, सबब... आणि येथे कलम अडले. त्यांनी ते खोडिले आणि दुसरे लिहिले, तेही खोडिले. ताकीद कोणीच कोणास लिहोन दिली नव्हती, तेव्हा ती मोडिली हे लिहावे तरी कशाचे आधारे? मग त्यांनी वर फोन लाविला. वरच्यांनी त्यांचे वरच्यांस लाविला. जो तो म्हणे, काढून टाका, पण माझे नाव लिहू नका. शेवटी पंतांनी कागद चुरगाळिला आणि कपाळास हात लावोन म्हणाले, "निलांबरी, जा बाई, सकाळच्या पाळीला ये. माझी पण उमेदवारी असंच गप्प बसण्यात गेली." आणि ते तसेच बसोन राहिले. माणूस वाईट नव्हता.

बाई घरी जावयास निघाल्या, बसथांब्यावर उभ्या होत्या, तो फोन वाजला. पलीकडे सोपानराव. मागे भांड्यांचा, माणसांचा गलबला. बाईंनी विचारिले, "काका, पोचलात वेळेवर?" सोपानराव म्हणाले, "कुठलं ओ! अंधार पडला हुता. डाक्टर कवाचा आल्याला. पर हिनं दोनी हातांनी पट्टी धरून ठेवल्याली. डाक्टर वरडला, पोरगा रडला, हिनं सोडली न्हाई. म्हनली, एवढी वर्सं थांबली, आता घटकाभरानं काय हुतंय." बाईंस हुंदका आला. आनंद इतका जाहला की थांब्यावरील लोक पाहतात याचे भान राहिले नाही. मग पलीकडे फोन हिसकावल्यासारखा आवाज जाहला आणि एक खणखणीत बायकी आवाज आला. या हौसाबाई, सोपानरावांच्या कारभारीण. म्हणाल्या, "तूच व्हय ती इमानवाली पोरगी? लई उपकार झालं बाई. पर मला एक सांग, हे एवढं म्हातारं झाल्यात, केस पांढरं, गालफडं आत गेल्याली, आन् हे मला कुनीच कसं सांगितलं न्हाई?" निलांबरीबाई रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कधी विचारलंत का?" तो हौसाबाई म्हणाल्या, "म्या कशाला इचारू? जवळच्या मानसानं आपन हून सांगाय नगं व्हय?"

येणेप्रमाणे विमान उशिरा सुटले, डोळ्यांस दृष्टी आली आणि चौकीची ताकीद आजतागायत कोणी कोणास लिहोन दिलेली नाही. पेयांचे कपाट अद्याप भिंतीपुढेच आहे. निलांबरीबाई चौकीवर आहेत, आणि विमानास उशीर जाहला की उतारू तोंड उघडण्याच्या आधी त्याजपाशी जावोन सांगतात. बखर समाप्त.